फेस टाकायचा न्हाय

आमच्या घरात फेसाला कधीच मान नव्हता. आबा, म्हणजे माझे वडील, गुळव्या. उसाचा रस काहिलीत उकळायला लागला की भेंडीचं पाणी सोडायचं, वर फेसाळ मळी येते ती झाऱ्यानं काढून फेकायची, खाली राहील त्याचा गूळ. मळी राहिली तर गूळ काळा पडतो आणि काळ्या गुळाला बाजारात कुत्रं विचारत नाही. आबांचा गूळ पिवळाधमक असायचा. माझं सगळं शिक्षण त्यांच्या झाऱ्यावर झालं.

आणि शिकून मी काय केलं, तर नेमकं उलटं. प्रयोगशाळेत तांब्याचा दगड पिठासारखा दळायचा, पाण्यात औषध घालून कालवायचा, खालून हवा सोडायची. तांब्याचे कण बुडबुड्यांना चिकटून वर येतात, माती खाली राहते. इथे फेस ठेवायचा आणि बाकीचं फेकायचं. अडचण एवढीच की फार बारीक कण बुडबुड्यांना चिकटत नाहीत, पाण्याबरोबर वाहून जातात. त्यांना धरण्यासाठी मी नॅनो तंतू बनवत होते, साध्या सूक्ष्मदर्शकातही न दिसणारे, आणि तेही उसाच्या चिपाडापासून. चिपाडं आबांनीच गुऱ्हाळावरून पोत्यात भरून एसटीनं आणून दिली होती. चुलवाणात जाळायची चीज पोरगी धुऊन-शिजवून बाटल्यांत का भरते, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

मग आबा विसरायला लागले. आधी माणसांची नावं, मग गावाकडची वाट, मग आई वारली आहे हे. राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, हे बरं होणार नाही. सवयीचं काम हातात आहे तोवर माणूस धरून राहील. गुऱ्हाळाचा मालक भला निघाला. हात चालतोय तोवर काहील तुमचीच, म्हणाला. हंगाम सुरू होईपर्यंत ते हात सांभाळायचे, एवढंच मला करता येण्यासारखं होतं.

घरी एकटं ठेवता येईना म्हणून मी त्यांना प्रयोगशाळेत नेऊन बसवायची. त्या दुपारी शेवटची चाचणी लावली होती. दगड जिथून यायचा ती खाण बंद पडली होती आणि तिथली पूड तेवढीच उरली होती. करडा, चमकणारा, दाट फेस वर आला. माझ्या तंतूंनी बारीक कण धरले होते, नुसत्या डोळ्यांना दिसत होतं. मी आनंदानं शेजारच्या खोलीत ताटली आणायला गेले. परत येते तर आबा बाह्या सारून उभे, हातात पळी, आणि सगळा फेस बेसिनमध्ये. काठसुद्धा पुसून घेतला होता.

"मळी काढली बघ," ते म्हणाले. "आता रंग धरंल."

कित्येक महिन्यांत त्यांच्या चेहऱ्यावर एवढं समाधान पाहिलं नव्हतं. आणि माझं डोकं फिरलं.

"आबा, फेस टाकायचा नसतोय. फेसच ठेवायचा."

त्यांना कळेना, म्हणून पुन्हा सांगितलं. पुढे जेवताना, अंथरुणावर पडल्यावर तेच विचारत राहिले, आपण काय चुकलो म्हणून, आणि मी तेच उत्तर देत राहिले. राग तर होताच, पण भीती नव्हती. नवीन काही डोक्यात टिकणार नाही, असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं.

हंगाम सुरू झाला तशी मी त्यांना गुऱ्हाळावर घेऊन गेले. धुराचा वास लागताच ते ताठ चालायला लागले. धोतर खोचलं, झारा उचलला. मला बरं वाटलं, अगदी उघड बरं वाटलं. रस उकळला, मळी वर आली. आबा बघत राहिले. मालकानं हाक मारली तरी हात हलेना. एक गडी झारा घ्यायला पुढे झाला, तर त्याचं मनगटच धरलं आणि सोडेनात. काहील काळवंडत चालली. मालकानं दुसऱ्या गुळव्याला बोलवायला माणूस पाठवला.

आबांनी माझ्याकडं पाहिलं. ओळख नव्हती, पण आधार हवा होता.

"बाई, तुम्ही तरी सांगा की ह्यास्नी," ते म्हणाले. "फेस टाकायचा न्हाय. माझी पोरगी लई शिकल्याली हाय. तिनं सांगितलंय."