लेसिएलीची चटई

लेसिएलीला दिवस गेलेत आणि नवरा तर आठ महिने ऑस्ट्रेलियात संत्री तोडतोय, ही कुजबुज उठली आमच्या बेटावरच्या चटया विणणाऱ्या बायकांच्या पडवीतून. पुरावा काय, तर बाई एक गुरुवार सोडून एक दवाखान्यात जाते आणि शुक्रवारी पाय दुमडून बसत नाही. गुडघ्यांवर उभी राहून केवड्याच्या पात्या विणते. एवढ्या पुराव्यावर आमच्या बायका माणूस फासावर चढवतील.

"लेसिएली, उशी देऊ?"

"एक नको गं, दोन दे. आता दोघं बसणार."

लेसिएली मान खाली घालून विणत राही. ती चटई थोरल्या मुलीच्या लग्नाची होती आणि अब्रू गेलेल्या बाईची चटई आमच्याकडे लग्नात अंथरत नाहीत.

दवाखान्यात ती पहिल्यांदा गेली तेव्हा सोबत थोरली नणंद होती, फुसी. फुसी बाहेर बाकावर बसली. आत नर्सबाई म्हणाल्या, "चामखिळीच आहेत. जागा अवघड, एवढंच. घरी लावायचा लेप आहे, नाहीतर इथे थंड फवाऱ्याने गोठवते. काही न करताही जातात कधी कधी. पोटुशी नाहीस ना? असशील तर लेप चालत नाही."

"नाही बाई. पण गोठवाच. घरात चार पोरं, लेप लपवू कुठे?"

"दोन दिवस बसताना कळेल हं."

"आणि हे आलं कुणाकडून?"

"ते नाही सांगता येत. संबंधातून लागतं, पण वर्षानुवर्षं अंगात झोपून असतं."

परतताना तिने हे सगळं फुसीला सांगितलं. "वन्सं, कुठे बोलू नका."

"माझं पोट म्हणजे विहीर," फुसी म्हणाली. विहिरीला पोहरा असतो हे लेसिएलीच्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

कुजबुजीचा माग काढत ती महिन्याभराने फुसीच्याच दारात पोचली.

"तुम्हाला खरं ठाऊक होतं, वन्सं."

"होतं ना. पण खरं बाहेर पडतं तर बोट माझ्या भावाकडे गेलं असतं."

"मग त्यांनाच विचारायचं होतं."

"भावाला? असलं?" फुसीने कानाला हात लावला. बहीण-भाऊ एका खोलीत असले तर आमच्याकडे असल्या विषयाचा उच्चारही होत नाही. "तुझं काय, पोट वाढलं नाही की सुटशील. त्याला कोण सोडवणार?"

आमच्या बेटावर नवऱ्याच्या बहिणीचा शब्द खोडायचा नसतो. लेसिएली घरी आली आणि तिने चटई पुरी केली.

लग्नाला पोट सपाट होतं. मग बायका म्हणाल्या, पाडून घेतलं असेल. चटई गुंडाळलेलीच मागे भिंतीला टेकून राहिली. आत्याच्या मानाने फुसी सर्वांत पुढे बसली, दुसऱ्याच कुणाच्या चटईवर.

लेसिएली पोटुशी कधीच नव्हती. तिला चार चामखिळी होत्या. तीनदा गोठवल्यावर त्या गेल्या.