तक्रार क्रमांक एकमुळे वाचलेली भिंत

सतराव्या नमुन्यालाही तडा गेला, तेव्हा मी उठून लॅबमध्ये पुन्हा येरझाऱ्या घालायला लागलो. त्या आठवड्यात अमेरिकेतल्या आमच्या चँडलरपासून तुर्कस्तानपर्यंत एवढं अंतर मी लॅबमध्येच चाललो असेन.

माझं काम कॉन्झर्व्हेशनचं, म्हणजे जुन्या वास्तू जपण्याचं. तुर्कस्तानातल्या एका हित्ती शहराच्या उत्खननात तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची कच्च्या विटांची भिंत वर आली होती. कच्ची वीट उघडी पडली की पावसात बिस्किटासारखी विरघळते. म्हणून तिला मातीचा गिलावा करतात. पावसाचा मार गिलाव्यानं खायचा, भिंतीनं नाही. त्याचं मिश्रण आमच्या लॅबनं ठरवायचं होतं. शुक्रवारपर्यंत कळवलं नाही, तर हिवाळ्याआधी गिलावा होणार नव्हता आणि भिंत पुन्हा मातीत पुरणार होते. जिथे टीमनं महिनोन्महिने ब्रश चालवला, तिथेच फावडं.

"तू इंडियन, मड प्लास्टर येतच असेल," बॉस लिंडा म्हणाली होती.

"लहानपणी रोज करायचो," मी ठोकून दिलं. नागपुरात आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो. चिखलावरून मी फक्त मार खाल्लाय.

बुधवारी घरी आलो, तर शेजारचे आपटे काका दारात. पुण्याहून लेकीकडे आलेले.

"तुमच्या गॅरेजात कोण वारलंय?"

"कोणी नाही, काका."

"मग तसं कळवायचं. चार मेसेज टाकलेत मी."

गॅरेजात एक बादली होती. माती, पाणी, गव्हाचं काड. घरी ट्रायल घ्यायला कालवली आणि साफ विसरलो. झाकण काढताच समोरच्या कॅक्टसनं मान टाकली. पण चिखल लोण्यासारखा झाला होता. काड कुजलं की चिकट रस सुटतो आणि माती धरून ठेवतो. हे मी वाचलं होतं, वेळ नाही म्हणून सोडून दिलं होतं.

गुरुवारी त्याचा नमुना लावला. दर दहा मिनिटांनी जाऊन बघत होतो. शुक्रवारी सकाळपर्यंत एक तडा नाही. पाण्याचा फवारा मारला, तरी टिकला.

"किती दिवस कुजवलं?" लिंडानं विचारलं.

बादलीवर तारीख नव्हती. "साधारण आठवडा?"

"साधारण? तिकडे कमी दिवस ठेवलं, तर गिलावा फाटेल. आकडा नसेल तर मी भिंत पुरायला सांगते."

घाम पुसत मी काकांचे न वाचलेले मेसेज उघडले. 'तक्रार क्रमांक १. सोमवार, सकाळी ७.१०. काल सायंकाळी आपण चिखल कालवलात. शिंतोडे आमच्या गाडीवर आहेत.' क्रमांक दोनमध्ये वास मंद, तीनमध्ये उग्र, चारमध्ये 'असह्य'. सगळ्यांवर वार आणि वेळ. मी बोटांवर मोजलं. रविवार ते पुढच्या आठवड्यातला गुरुवार, अकरा दिवस.

लिंडानं मेसेज इंग्रजीत करून घेतले, दोनदा ऐकले. "यांना हायर करता येईल?"

"व्हिजिटर व्हिसावर आहेत."

दुपारी मिश्रणाची कृती तुर्कस्तानला कळवली. त्यांनी तिकडे अकरा दिवस मोजून काड कुजवलं आणि गिलावा केला. हिवाळा सरला, भिंत उघडी उभी आहे.

आता मी बादलीवर आधी तारीख लिहितो, मग पाणी ओततो. आपटे काका पुण्याला परत गेलेत.