बदलीवर आलेला बाळकृष्ण

माझ्या सासूबाई, कुंदाताई, मिरजेच्या पोस्टात जन्मभर काउंटरवर बसल्या. आता रिटायर झाल्या आहेत, पण काउंटर काही त्यांना सोडत नाही. समोर कुणीही आलं की चष्म्यावरून बघतात, पाकिटावर तिकिटं पुरेशी लावलीत का हे तपासावं तशा. लग्न ठरताना मलाही असंच पाहिलं होतं. मी बहुधा काठावर पास झाले.

मला सातवा महिना लागला आणि त्या जर्मनीत, आमच्याकडे इंगोलश्टाटला येऊन दाखल झाल्या. बॅगेत डिंक, अळीव, जुन्या लुगड्यांची दुपटी आणि लोकरीच्या टोपड्यात गुंडाळलेला पितळेचा रांगता बाळकृष्ण. हा त्यांच्या आईने दिलेला. त्याला आंघोळ घातल्याशिवाय बाई चहाला शिवत नाहीत. एअरपोर्टवर सिक्युरिटीवाल्याने तो तपासायला हातात घेतला, तर त्याला म्हणाल्या, "हात धुतलेत का?" मराठीत. त्याने तो लगेच परत दिला.

आमच्या घरात एका गोष्टीबद्दल कुणीच बोलत नव्हतं. मागच्या वर्षी चौथ्या महिन्यात माझं मूल पोटातच गेलं. तेव्हा माझ्या नवऱ्याने, कपिलने, हौसेने पाळणा आधीच आणून जोडला होता. नंतर तो कित्येक दिवस तसाच रिकामा उभा होता, मग केलरमध्ये गेला, म्हणजे तळघरात. या खेपेला कपिलने तो पुन्हा वर आणला आणि स्क्रू आवळले. तो गाड्यांच्या ब्रेकचं काम करतो. आयत्या वेळी धावपळ त्याला चालत नाही. मला रोज भीती वाटायची आणि ती बोलून दाखवायची त्याहून जास्त भीती वाटायची.

सासूबाई आल्या आणि त्या पाळण्यात वस्तू सापडायला लागल्या. पहिल्या दिवशी टॉवेलांची चळत. कपिलने ती उचलून कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवशी दुधी भोपळा, वर दुपटं पांघरलेला. त्या दिवशी कपिल अंधारात खोलीत गेला आणि ओरडतच बाहेर आला. मग कांदे.

"आई, हा पाळणा आहे, भाजीचं दुकान नाही," तो म्हणाला.

"जागा मोकळी होती," सासूबाई म्हणाल्या.

कपिल काढायचा, त्या ठेवायच्या. बाईंना पसाऱ्याची सवय आहे, असा मी निष्कर्ष काढला. मनातल्या मनात चिडतही होते.

बाळ झाल्यावर कुठलं जाणं होतंय, म्हणून नाताळच्या आधी कपिलने आल्प्सच्या पायथ्याशी मिटेनवाल्डला चार दिवस खोल्या घेतल्या. रंगवलेल्या भिंतींची घरं, गुडघाभर बर्फ, चौकात दिव्यांच्या माळा. सासूबाई साडीवर कपिलचं स्की-जॅकेट आणि पायात माझे बूट अशा थाटात चौकातून फिरल्या. एका जपानी जोडप्याने डोंगर सोडून त्यांचा फोटो काढला.

आमच्या गेस्टहाउसची मालकीण, फ्राउ नॉयनर, सत्तरीची, काठीसारखी ताठ. बूट दाराबाहेर, न्याहारी साडेआठपर्यंत, अंडं माणशी एक. कपिल आणि मी तिला टरकून होतो. सासूबाई मात्र पहिल्या भेटीतच खूश. दोघींनी एकमेकींना चष्म्यावरून पाहिलं आणि सासूबाई म्हणाल्या, "बाई कामाची आहे."

न्याहारीच्या खोलीत लाकडात कोरलेला नाताळचा देखावा मांडला होता. गोठा, गाय, गाढव, मेंढपाळ, गुडघ्यावर बसलेली येशूची आई मारिया. सगळे मिळून गवत भरलेल्या एका छोट्या गव्हाणीकडे बघत होते आणि गव्हाण रिकामी होती.

"बाळ कुठाय?" सासूबाईंनी विचारलं.

"ते चोवीस तारखेला रात्री ठेवतात, आई," कपिल म्हणाला.

"तोवर पाळणा रिकामा?"

"हो. नियमच आहे तसा."

नियम म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली. पण त्यांचं अंडं तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला उतरलो तर देखाव्यापुढे पाहुण्यांची गर्दी. मी मान उंचावून पाहिलं आणि माझ्या पोटातलं बाळसुद्धा दचकलं. गव्हाणीत गवतावर आमचा बाळकृष्ण. लाल टोपडं, हातात लोण्याचा गोळा, गुडघ्यांवर रांगत थेट गाढवाच्या दिशेने निघालेला.

"हे कुणी केलं?" फ्राउ नॉयनरने जर्मनमध्ये खडसावलं.

कपिलने मुसलीच्या वाडग्यात तोंड खुपसलं. सासूबाईंनी शाळेत करतात तसा हात वर केला.

"चोवीसच्या आधी तिथे कुणीही झोपत नाही," फ्राउ नॉयनर म्हणाली. "माझ्या आजोबांनी कोरलंय हे. शंभर वर्षांत कधी असं झालेलं नाही!"

मी भाषांतर केलं. सासूबाई जागच्या हलल्या नाहीत.

"तिला सांग, माझा बदलीवर आलाय. काउंटरवरचा माणूस रजेवर गेला म्हणून काउंटर बंद ठेवतात का? तिचा कामावर हजर झाला की हा उठेल."

कपिलने मुसलीतून तोंड वर काढलं. "फेरट्रेटुंग," तो पुटपुटला. ऑफिसात कुणी सुट्टीवर गेलं की त्याच्या जागी जो नेमतात, त्याला जर्मनीत हा शब्द आहे, आणि त्याची नेमणूक झाल्याशिवाय इथे कुणी सुट्टीवर जातच नाही. शब्द ऐकून दोन-तीन पाहुण्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या. फ्राउ नॉयनर जराशी नरमली.

"पण कशासाठी?" तिने विचारलं. मी ते मराठीत सांगितलं.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी चष्म्यातून, सरळ.

"आमच्यात पाळणा रिकामा ठेवत नाहीत, ऊर्मिला. बारशालासुद्धा बाळाच्या आधी त्यात वरवंटा निजवतात. आणि घरात पोटुशी असताना तर..." त्या थांबल्या. "व्हिडिओ कॉलवर तुमच्या मागे दिसायचा गं तो, मागच्या वर्षी. रोज दिसायचा. तेव्हा मला इतक्या लांबून त्यात काही ठेवता आलं नाही."

टॉवेल, दुधी, कांदे. मला सगळं एकदम कळलं आणि रडू फुटलं. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. तरी या बाईने एकटीने माझी भीती स्वतःच्या अंगावर घेतली होती आणि मी तिला पसारेवाली ठरवून मोकळी झाले होते.

"काय म्हणतायत त्या?" फ्राउ नॉयनरने विचारलं.

भाषांतर करायला मीच होते. वर्षभर जे आईलासुद्धा नीट सांगितलं नव्हतं ते मी मुसली खाणाऱ्या अनोळखी लोकांसमोर जर्मनमध्ये सांगितलं. मागच्या वर्षी आमचं एक गेलं. पाळणा रिकामा राहिला. त्यांना तो बघवत नाही. मलाही बघवत नाही.

फ्राउ नॉयनरने नाक ओढलं, देखाव्यापाशी गेली, बाळकृष्णाखालचं गवत सारखं केलं आणि त्याला रांगायला जागा हवी म्हणून गाढव मागे सरकवलं.

"चोवीस तारखेपर्यंत," ती बोट उगारून म्हणाली.

"गेनाऊ," म्हणजे 'अगदी बरोबर', सासूबाई म्हणाल्या. त्यांना येणारा हा एकुलता एक जर्मन शब्द. त्या दिवशी सासूबाईंच्या ताटलीत दोन अंडी आली.

पण आम्ही निघणार होतो एकवीसला. कपिल म्हणाला, "आई, उचल आता त्याला."

"शब्द दिलाय. मधेच उठवला तर पुन्हा रिकामा."

ज्याच्याशिवाय चहा घेत नाहीत त्याला त्या तिथेच ठेवून निघाल्या. फ्राउ नॉयनर तो नाताळनंतर पोस्टाने पाठवणार होती. निघण्याआधी सासूबाईंनी खोका मागवला, कोपरे दाबून पाहिले, दुसरा मागवला आणि पॅकिंग कसं करायचं ते मराठीत सविस्तर समजावलं. फ्राउ नॉयनरने ते मान हलवत ऐकून घेतलं. मग गाडीत बसल्यावर सासूबाईंनी हळूच डोळे पुसले.

घरी पोचलो. कपिल बॅगा आणायला परत खाली गेला. मी खोलीत डोकावले. जायच्या आधी त्याने आवरून ठेवलेला पाळणा स्वच्छ, रिकामा उभा होता. सासूबाई माझ्या मागे येऊन थांबल्या. हातात आज ठेवायला काहीच नव्हतं, तशा त्या नुसत्याच उभ्या राहिल्या.

मी स्वयंपाकघरात गेले, टोपलीतले दोन कांदे घेतले, पाळण्यात ठेवले आणि वर दुपटं पांघरलं.

सासूबाईंनी चष्म्यावरून कांद्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"जागा मोकळी होती," मी म्हणाले.