प्रेमिलानं बेतलेली तीन वर्षं

नागपुरात बेसा चौकाच्या अलीकडे प्रेमिला मेश्रामचं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. इतक्या वर्षांत तिनं अख्ख्या वस्तीची मापं घेतली आणि मापांबरोबर गाऱ्हाणीही ऐकली. बाई एकदा आरशासमोर हात वर करून उभी राहिली, की सासूपासून सांधेदुखीपर्यंत सगळं बोलून मोकळी होते. कुणी हसता हसता रडायला लागते, कुणी छान बसलेलं ब्लाउज पुन्हापुन्हा उसवायला लावते. माणसं अशी का वागतात, हा किडा प्रेमिलाच्या डोक्यात कधीपासून वळवळत होता. पण बारावी होताच लग्न करून कुही गावाहून आलेल्या पोरीनं हे विचारावं तरी कुणाला?

मग तिची लेक वैभवी बारावी झाली, तिनं बी.ए.ला मानसशास्त्र घेतलं आणि अभ्यासक्रमाचं पुस्तक घरात आलं. प्रेमिलानं मशीन थांबवून ते उघडलं. स्मृती, प्रेरणा, भावना, व्यक्तिमत्त्व! या सगळ्याचं रीतसर शिक्षण मिळतं आणि आपल्याला कुणी सांगितलंही नाही, याचा तिला आधी राग आला आणि मग असा आनंद झाला, की गिऱ्हाइकाच्या बाह्या उलट्या जोडल्या गेल्या. रात्री नवरा सुशील बुटीबोरीच्या कारखान्यातून आला, तेव्हा तिनं जाहीर करून टाकलं, "मीबी शिकतो." तो म्हणाला, "शिक ना मग!" आणि जेवायला बसला.

वैभवीला मात्र जेवण गेलं नाही.

"आई, तू माह्या वर्गात बसशीन? पोरी हासतीन मले!"

"काहून हासतीन वं? मी काय चोरी करून राहिली?"

"तू आली तं मी कॉलेजच बदलवतो."

पोरगी बोलल्याप्रमाणे करणाऱ्यांतली. प्रेमिलाला हे झोंबलं. तिला मानसशास्त्र हवं होतं, ते जवळपास त्या एकाच कॉलेजात मिळत होतं, आणि पोरगीही हवी होती. एकापायी दुसरं सोडायची तिची मुळीच तयारी नव्हती. शेवटी तिनं शब्द दिला. "असं बेततो, का तुले माहं तोंडबी दिसनार नाही. अन् कॉलेजात मी तुही कोनीच नाही."

आता बेतणं म्हणजे प्रेमिलाच्या हातचा मळ. ब्लाउजच्या मापांचा खाकी कागद तिनं जमिनीवर पसरला, खडू घेतला आणि सहाही सत्रं आखायला बसली. वैभवीचा जोडविषय समाजशास्त्र, तर आपला गृहअर्थशास्त्र. वैभवीचा ऐच्छिक विषय संगणक, तर आपला योग. मुख्य विषयाच्या तासाला इलाज नव्हता. तिथं लेक पहिल्या बाकावर आणि आई शेवटच्या. प्रयोगशाळेत मात्र सगळे समोरासमोर बसतात. पण प्रात्यक्षिकाच्या दोन तुकड्या होत्या. वैभवीनं मंगळवारची घेतली, हिनं शुक्रवारची. गणिताला प्रेमिला कुहीच्या शाळेपासूनच घाबरायची, म्हणून संख्याशास्त्राच्या सत्रात बाकीचे विषय हलके ठेवले. लग्नसराईत मोठा प्रकल्प येऊ दिला नाही. खडूनं हात पांढरे झाले, भात करपला, तरी बाई गुणगुणतच होती. एवढ्या हौसेनं तिनं स्वतःच्या लग्नाची साडीसुद्धा निवडली नव्हती.

कॉलेजात कुणाला शंका आली नाही. नागपुरात मेश्राम आडनावाची दोन-चार जणं कोणत्याही वर्गात निघतात. सगळ्या पोरी तिला काकू म्हणायच्या आणि वैभवी काहीच म्हणायची नाही.

पण तो कागद काही लपला नाही. विषय नक्की करायची मुदत जवळ आली तेव्हा पोरींची तारांबळ उडाली होती. वैभवीची कॉलेजात नव्यानं झालेली जिवलग मैत्रीण काजल हिनं काकूंच्या मांडीवर तो कागद पाहिला आणि ओरडलीच, "काकू, माहंबी बेतून द्या ना!" झालं. व्हरांड्यात घोळका जमला. प्रेमिला एकेकीला विचारू लागली, "तुले पुढं काय व्हाचं आहे? घरून यायले किती वेळ लागते? गनित जमते का?" मग तशी सत्रं आखून द्यायची. तिला स्वर्ग दोन बोटं उरला होता. वैभवी खांबाला टेकून मोबाईलमध्ये डोकं घालून उभी होती, पण तिचं बोट काही हलत नव्हतं.

पहिल्या प्रात्यक्षिकाच्या मंगळवारी दोन्ही तुकड्यांना बोलावणं आलं. विभागप्रमुख प्रीती मॅडमनी प्रयोगशाळेत सांगून टाकलं, "शुक्रवारी फारच थोडे विद्यार्थी आहेत. ती तुकडी रद्द. आता सगळ्यांनी मंगळवारीच यायचं. जोड्या पाडा. एकीनं प्रयोग घ्यायचा, दुसरीवर तो व्हायचा, मग अदलाबदल. जोडी वर्षभर तीच राहील."

 प्रेमिलानं लेकीला दिलेला शब्द मोडणार होता. ती मॅडमच्या टेबलाशी गेली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, माहं प्रात्यक्षिक पुढच्या वर्षी केलं तं?"

"तुमची पदवी वर्षभर लांबेल, ताई."

"चालते जी," ती म्हणाली. खरं तर मुळीच चालणार नव्हतं. 

हे पहिल्या स्टुलावर बसलेल्या वैभवीनं ऐकलं. काजलनं काही ऐकलं नव्हतं. तिनं येऊन काकूंचा हात धरला, "काकू माह्यासंगं!" दुसरीनं दुसरा हात ओढला, "नाही, मी आधी विचारलं होतं!" तिसरी मधे घुसली. आणि पोरी हसणार म्हणून जिचा जीव टांगणीला लागला होता, ती वैभवी ताडकन उठली.

"सोडा तिले! माही आई आहे ती!"



"आई?" काजलनं डोळे विस्फारले. "अन् तू आतापर्यंत आमाले सांगितलं नाही? एवढी भारी आई घरात लपवून ठेवते का कोनी?"

पोरी हसल्या खऱ्या, पण वैभवीला भीती होती ते हसू हे नव्हतं. ती लाल झाली, तरी तिनं शेजारचं स्टूल ओढलं आणि आईला दंडाला धरून त्यावर बसवलं.

मॅडमनी पेन उचललं. "मग प्रेमिलाताई, तुमचं पुढच्या वर्षीच लिहू ना?"

प्रेमिलानं तोंड उघडायच्या आत वैभवी बोलली.

"नाही मॅडम. ती माह्यासंगंच पास होनार आहे."