काट्यावरच्या दादांचा राजीनामा

"हात काढा पयले, मंग आकडा सांगतो."

कापसाचं बोचकं काट्यावर चढलं की दादा हे म्हणत आणि स्वतःचेही हात पाठीमागे बांधून उभे राहत. आदिलाबाद जिल्ह्यातल्या भैंसा गावच्या आमच्या कापसाच्या जिनिंगमध्ये मी नवा कारकून होतो. एकदा वजन कमी भरावं म्हणून बोचक्याखाली खुद्द मालकाचा, शेठचा हात होता. दादांनी त्यांनाही तेच सांगितलं, त्याच आवाजात. गाडीवाले शेतकरी तोंड फिरवून हसले.

तेव्हापासून शेठना दादा नकोसे झाले. पण काढलं तर कारण दाखवावं लागतं. माणूस आपणहून गेला तर कटकट नाही. म्हणून दादांचा काटा काढून घेतला, सरकीच्या ढिगाशेजारी बिनकामाचं बसवलं आणि त्यांच्याशी बोलायची सगळ्यांना मनाई केली. चार महिने दादा भोंग्याआधी येत, हजेरीबुकात सही करत आणि संध्याकाळपर्यंत ताठ बसत. तुमच्या-माझ्यासारखा आठवड्यात पळाला असता. मी चोरून विचारलं, सोडत का नाही?

"काढायचं असन तर त्याईनं काढावं, बाबू. अन् काऊन काढलं ते लिवून द्यावं."

आमच्याकडे एक रीत होती. कामावर घेताना प्रत्येकाचा कोऱ्या कागदावर अंगठा किंवा सही घेत आणि तो कागद कपाटात ठेवत. दादा हमाल म्हणून लागले तेव्हाचा त्यांचा अंगठा शेठनी शोधून काढला. वरचा मजकूर मी लिहिला. घरच्या अडचणीमुळे स्वखुशीने नोकरी सोडतो, वगैरे. मी घाबरलो होतो, याहून बरं कारण माझ्याकडे नाही.

दुसऱ्या दिवशी दादांना फाटकावर अडवलं. ते थेट आदिलाबादला लेबर ऑफिसरकडे गेले. सुनावणीत शेठनी दिलेला तो कागद ऑफिसरसाहेबांनी दाखवला, तेव्हा दादा एवढंच म्हणाले की हजेरीबुक पाहा. दादा प्रौढशिक्षणाच्या वर्गात लिहायला शिकले होते, आणि नऊ वर्षं रोज त्यांची सही होती. असा माणूस राजीनाम्यावर अंगठा कशाला देईल? अंगठे घेण्याची इतकी सवय, की हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

साहेबांनी शेठना बजावलं, याला परत घ्या, नाहीतर प्रकरण कोर्टात जाईल. दादा जिंकले होते. मग ते जे बोलले, ते आठवलं की मला आजही आपण फार लहान आहोत असं वाटतं.

"कपाटातले समदे कागद ज्याचे त्याले वापस द्या. मंग मी माह्या हातानं राजीनामा लिवतो."

शेठ लगेच कबूल झाले. दादांनी सावकाश लिहिलं की काटा काढून घेतला, चार महिने बिनकामाचं बसवलं, म्हणून जातो. खाली सही केली.

संध्याकाळी फाटकाशी त्यांनी स्वतः कागद वाटले. तो खोटा राजीनामा कुणाच्या अक्षरात होता, हे त्यांना ठाऊक होतं.

"हा तुमचा, बाबू," म्हणाले, आणि माझ्या सहीचा कोरा कागद हातात दिला. मी पायाशी वाकलो, तर त्यांनी मधेच धरलं आणि बसस्टँडकडे निघाले.

माझी नोकरी पुढे निवृत्तीपर्यंत टिकली. त्यांची नाही.