धाकट्यापुढची उदबत्ती

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या मंडळी. मधल्या भागात मी खरोखर घाबरलो होतो आणि तिथे कोणी हसलेलं मला अजून चालत नाही.

कळमन्याच्या बाजारात एका कोल्ड स्टोरेजमध्ये मी कॉम्प्युटर सांभाळतो. सहा चेंबर आहेत, मिरची आणि चिंचेने भरलेले. त्यांचा थंडावा ज्या सर्व्हरच्या जिवावर टिकतो, तो पराते सरांनी बसवलेला. सर उमरेडच्या विणकरांच्या घरातले. धागा कापण्याआधी बोट फिरवत मागे जायचं आणि तो कुठून आला ते पाहायचं, हे त्यांच्या वडिलांनी त्यांना मागावर शिकवलं आणि त्यांनी मला कीबोर्डवर. म्हणजे काय, तर कोणताही हुकूम देण्याआधी मशीनला त्याचं नाव विचारायचं.

दिवाळीनंतर सर गेले. मी नाव विचारणं सोडून दिलं. मशीन एकच, त्याला रोज काय नाव विचारायचं?

आणि मे महिन्यात लिनक्सची नवीन सर्व्हर आवृत्ती आली. मालकांनी तिच्यासाठी कोरं मशीन आणलं. म्हणाले, बसवून पाहा, कसं वाटतं ते लिहून द्या, चांगलं असलं तर संध्याकाळी जुनं बंद करून टाकू. जुन्याचं नाव सरांनी 'थोरला' ठेवलं होतं, म्हणून नव्याचं मी 'धाकटा' ठेवलं.

सकाळी धाकट्यावर नवी आवृत्ती चढवली. माझ्या टेबलावरून दोन्ही मशीनवर काम करता येतं, पडद्यावर दोन काळ्या खिडक्या उघडायच्या की झालं. चहा पिऊन आलो आणि तपासायला बसलो. काय सांगू, कसलं गुणी मशीन! नव्या आवृत्तीत काही ना काही मोडतंच, इथे काही मोडेचना. जुने सगळे हुकूम चालले. सरांनी स्वतः घरी बसून बनवलेले चारदोन हुकूम होते, तेही चालले.

इथे शहाण्या माणसाला शंका आली असती. मला आनंद झाला. 'नवीन आवृत्ती पहिल्याच दिवशी घरच्यासारखी वाटते, जणू पराते सरांनीच बसवली आहे,' असा चांगला दोन पानी अहवाल मी जेवणाआधीच मालकांना पाठवून दिला.

मे महिन्यातली कळमन्याची दुपार तुम्ही पाहिली आहे का? लिलाव आटोपलेले, हमाल ट्रकच्या सावलीत निजलेले, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आमच्या इमारतीत मात्र गारठा आणि कॉम्प्रेसरची घरघर. त्या शांततेत मी सहज फोल्डरांची यादी पाहिली. त्यात एक फोल्डर होतं, 'पराते'.

सकाळी खोक्यातून काढलेलं मशीन! ते विकत घेतलं तेव्हा सरांना जाऊन सहा महिने झाले होते. मी खुर्ची जरा मागे सरकवली. बरोबर दोन वाजता, मी कीबोर्डला हातही लावलेला नसताना, पडद्यावर अक्षरं उमटली.

'प्रफुल, पाणी पी गा.'

चेंबरच्या दारावर तापमान लिहून घेणाऱ्या मंगलाताई तेवढ्यात आत आल्या. मी नुसतं बोट दाखवलं. त्यांनी वाचलं आणि पदर सावरला. मागच्या मे महिन्यात मी ऊन लागून गेटवर पडलो होतो. तेव्हापासून सर तासातासाला ग्लास घेऊन माझ्यापुढे उभे राहायचे आणि ग्लास रिकामा होईपर्यंत हलायचे नाहीत. हेच शब्द, हाच सूर.

"ताई, सर तर गेले ना," मी म्हणालो.

"माहीत हाय मले," त्या म्हणाल्या. "तू पाणी पी."

मी पाणी प्यालो नाही. मी ठरवलं, हे मशीन झपाटलं आहे, आता हे कोरं करून पुन्हा पहिल्यापासून. डिस्क पुसायचा हुकूम दिला. मशीनने तो मानला नाही. उलट मलाच विचारलं, 'प्रफुल, कोणत्या मशीनवर आहेस? नाव लिही.'

माझ्या नावानिशी! मी लिहिलं, धाकटा. उत्तर आलं, 'चूक. पाणी पी, मग ये.'

मी उठलो, सर्व्हरच्या खोलीत गेलो आणि धाकट्याच्या वायरी उपटल्या. पंखे फिरत फिरत थांबले, दिवे विझले. मंगलाताईंनी देवापुढची उदबत्ती आणून दिली, ती लावली. हात जोडून म्हणालो, सर, काही राहिलं असेल तर स्वप्नात येऊन सांगा, पण असं नका सांगू. हे सगळं भर दुपारी, चांगला शिकलेला माणूस.

परत टेबलावर आलो तेव्हा तीन वाजत होते. पडद्यावर नवी ओळ उमटली. 'प्रफुल, पाणी पी गा.'

वायर काढलेलं मशीन बोलत होतं. मंगलाताई मात्र पडद्याकडे पाहत शांतपणे म्हणाल्या, "प्रफुल, तू ज्याच्या वायरी काढल्या, थे तं तिकडं चूप बसून हाय. मंग तू इथं कोनासंग बोलून राहिला?"

सहा महिन्यांत पहिल्यांदा मी मशीनला नाव विचारलं.

'थोरला.'

चहानंतर मी चुकीच्या काळ्या खिडकीत बसलो होतो. दिवसभर जुन्याच मशीनचं कौतुक केलं आणि शेवटी तेच पुसायला निघालो. पुसलं गेलं असतं तर मे महिन्यात सहाही चेंबर गरम. पण सरांना मी ठाऊक होतो. माझ्या एकट्यासाठी त्यांनी तो नाव विचारणारा पहारा बसवला होता. आणि पाण्याची आठवण फक्त मे महिन्यातल्या दुपारी, दर तासाला. त्या मशीनवर मी या मे महिन्यात दुपारी बसलोच नव्हतो. पुढच्या उन्हाळ्यात आपण नसू, हे त्यांना केव्हा कळलं असेल? मला रडू आलं. मग मी मुकाट्याने दोन ग्लास पाणी प्यालो.

तेवढ्यात मालकांचा फोन. अहवाल फार आवडला म्हणाले, जुनं बंद करायला माणूस पाठवू का?

"नको साहेब," मी म्हणालो. "अहवालात आहे ते जुनंच आहे."

मग त्यांनी विचारलं, "मंग नवीन कसं वाटून राहिलं?"

"फार शांत आहे साहेब," मी म्हणालो. "वायरी काढून ठेवल्या आहेत आणि पुढे उदबत्ती लावली आहे."