अडीच खण

आईशी घराबद्दल बोलायचं म्हणजे डोक्याला ताप. राजारामपुरीतून दर रविवारी मी कुरुंदवाडला जातो तो तिच्याशी भांडायलाच, असं बायको म्हणते. ते खोटं नाही.

घर पाच खणांचं. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. दगडी तळखड्यांवर सागवानी खांब, त्यांवर तुळया, वर कौलं. सगळा भार लाकडावर. मातीच्या भिंती नुसत्या आडोशाला. पूर आला की भिंती विरघळतात, सांगाडा तसाच उभा राहतो. बांधणाऱ्यानं एवढं डोकं चालवलं आणि वाटणी करणाऱ्यांनी माती केली. वडील आणि चुलते भांडले, पाच खणांचे अडीच-अडीच केले! मधल्या खणाच्या ऐन मध्यावर, तुळईखाली, भिंत घातली. आता एकाला आपली बाजू पाडायची तर तुळई कापावी लागणार आणि दुसऱ्याचं छप्पर खाली येणार. दोघे भाऊ गेले, अबोला मात्र राहिला. आई अलीकडे, थोरली काकू पलीकडे.

पुरात सगळ्यात आधी पडते ती ही वाटणीची भिंत. पाणी ओसरल्यावर चुलत भाऊ सगळ्यात आधी बांधतो तीही हीच. घरात चूल पेटलेली नसते, संडासाला दार नसतं, पण भिंत उभी! काय म्हणावं या माणसाला?

यंदा मी कंबर कसली. मध्यस्थ घातला. दोघांनी मिळून सगळं उतरवायचं आणि आपापलं स्लॅबचं घर बांधायचं. चुलत भाऊ चक्क हो म्हणाला. मी पेढे घेऊन आईकडे गेलो.

"मला न्हाय पायजे स्लॅब," आई म्हणाली.

मग कारणं सुरू. स्लॅब तापतो. माळा नसला तर शेंगा कुठं ठेवायच्या? गेली कित्येक वर्षं ती शेंगा विकत आणते, तीही पावशेर! माझा आवाज चढला.

"आई, पूर आला की भिती पडत्यात. ह्या वयात चिखल उपसत बसतीस. स्लॅबच्या घराची एक भित पडायची न्हाय."

"त्येच की."

"त्येच काय?"

ती वाटणीच्या भिंतीकडे बघत हळू बोलली, "भित पडली की जाऊबाई आन् मी मधल्या खणात चिखल काढत बसतोय. बोलतोय. कोण कुणाच्या दारात गेली, आसं हुत न्हाय. एरवी कुठं भेटायचं?"

"मग जा की सरळ दारातनं!"

"आधी कुणी जायचं?"

मी हात टेकले आणि निघालो. वाटेत मध्यस्थाचा फोन आला. चुलत भाऊ डोकं धरून बसला होता. काकूनं स्लॅबला साफ नकार दिला होता आणि कारण काही केल्या सांगत नव्हती.